दारावरचं नाव

(दृश्य: कोलोन, सकाळ. जुन्या इमारतीचं दार. बेलच्या पाटीवरून कॅमेरा सावकाश खाली येतो.)

म्युलर. श्मिट्स. बेकर. कोवाल्स्की. होफमान. देमिर्जी. आणि तळाशी पुन्हा एक म्युलर.

जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि या पाटीवरचं आडनाव, झाला पत्ता. पाटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र घेऊन परत जातो. म्हणून इथे नवा भाडेकरू सामान वर न्यायच्या आधी कागदाच्या चिटोऱ्यावर आडनाव लिहितो आणि बटणाशेजारी चिकटवतो.

या चिटोऱ्यांवर कुणाच्या तरी खापरपणजोबाचं काम लिहिलेलं आहे. कुणाचं सुटलेलं गाव, कुणाच्या बापाचं नाव, तर कुणाला शेजाऱ्यांनी चिडवून ठेवलेलं नाव. सगळ्यात वरच्या बटणापासून सुरुवात करू.

(दृश्य: दक्षिण जर्मनीतल्या खेड्याबाहेरची पाणचक्की. पाण्याचा आवाज काही सेकंद तसाच राहू द्यावा.)

म्युलर म्हणजे चक्कीवाला. धान्य दळून देणारा. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच.

ओढ्याचं पाणी लाकडी पन्हळीतून येतं आणि चाकाच्या खणांत पडतं. खण भरला की तो जड होऊन खाली जातो, पुढचा वर येतो. चाकाचा आस भिंतीतून आत शिरतो. आत लाकडी दातांची चाकं आहेत आणि त्यांच्या वर दगडाच्या दोन पाळ्या. खालची पाळी जागची हलत नाही, वरची फिरते. आपल्या जात्याचंच हे मोठं भावंड, फक्त खुंटा धरायला हात लागत नाही. वरच्या पेटीतून धान्य पाळीच्या तोंडात पडावं म्हणून पेटीखालची फळी सारखी हलवावी लागते. ती खटखट ऐका. चक्कीवाल्याचं घर चक्कीतच असे आणि या आवाजात त्याला झोप लागे. आवाज बदलला की त्याला जाग येई.

आता एक प्रश्न. गावात चक्की एकच असायची. शेतकरी मात्र घरटी एक. मग शेतकऱ्याच्या नावाचं, म्हणजे ‘बाउअर’ हे आडनाव सर्वांत जास्त का नाही? कारण आडनाव वेगळं ओळखण्यासाठी असतं. सगळेच नांगर धरणारे असतील, तर ‘शेतकऱ्याचा योहान’ म्हणून काय कळणार? ‘चक्कीवाला योहान’ म्हटलं की मात्र गावात एकच माणूस उभा राहतो. आणि अशी एक चक्की जवळपास प्रत्येक गावाला होती.

या चक्कीवाल्याला मान मात्र नव्हता. अनेक ठिकाणी गावकऱ्यांना जमीनदाराच्याच चक्कीवर दळण आणायची सक्ती असे. दळणाचा वाटा चक्कीवाला धान्यातून कापून घेई, त्यामुळे त्याच्या मापावर सगळ्यांचा संशय. मध्ययुगात कितीतरी भागांत त्याला कारागिरांच्या संघात प्रवेश नव्हता. ज्याच्या पिठावर गाव जगलं त्याला गावाने पंगतीत घेतलं नाही, आणि आज त्याचंच नाव सर्वांत जास्त दारांवर आहे.

(दृश्य: मुंबई, काळा घोडा. मॅक्स म्युलर भवनाची पाटी.)

आपल्याकडे हे आडनाव या पाटीमुळे माहीत झालं. फ्रीडरिश मॅक्स म्युलर, जन्म 1823, गाव डेसाऊ. सायणभाष्यासह ऋग्वेद त्यांनी 1849 ते 1874 या काळात सहा खंडांत छापून आणला आणि मुखपृष्ठावर स्वतःचं नाव संस्कृतात लिहिलं, मोक्षमूलर. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत हेही होते. टिळक 1898 मध्ये सुटले.

म्युलर आडनावाची माणसं एवढी होती की नुसत्या आडनावाने ओळख पटणार नाही असं त्यांना वाटलं. म्हणून ‘मॅक्स’ हे नावच त्यांनी आडनावाला जोडून घेतलं. त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर कवी होते. चक्कीवाल्याच्या मुलीच्या प्रेमात पडलेल्या तरुणावर त्यांनी कवितांची माळ लिहिली आणि 1823 मध्ये शूबर्टने तिला चाली दिल्या. आता एक पिढी मागे जाऊ. या कवीचे वडील शिंपी होते. आडनाव चक्कीवाल्याचं, हातात सुई. म्हणजे तोवर आडनाव कामापासून सुटून रक्ताबरोबर वाहू लागलं होतं. ते सुटलं कधी?

(दृश्य: कोलोनचं अभिलेखागार. हातमोजे घातलेले हात चर्मपत्राचा ताव उलगडतात.)

बाराव्या शतकात कोलोन आल्प्सच्या उत्तरेकडच्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. घरं विकली जात, गहाण पडत, मुलांच्या नावावर होत. हे व्यवहार 1130 च्या दशकापासून चर्मपत्राच्या तावांवर लिहायला सुरुवात झाली. ताव एका पेटीत ठेवत. पेटीला ‘श्राइन’ म्हणत, म्हणून या कागदांनाही तेच नाव पडलं.

लेखनिकाची अडचण समजून घ्या. लोक ठेवत असलेली नावं मूठभर. हाइनरिश, कोनराड, हेर्मान, आणि पुढे संतांच्या नावांची लाट आल्यावर योहानेस, पेटर, निकोलाउस. एका गल्लीत चार हाइनरिश. घर नेमकं कुठल्या हाइनरिशने विकलं? मग लेखनिक नावापुढे काहीतरी जोडतो. कुणाचा मुलगा, कुठून आला, काय करतो, कुठल्या घरात राहतो. पहिल्या पिढीत ही नुसती खूण असते. बाप मेला, घर मुलाकडे आलं, वारसा सिद्ध करायचा तर तीच खूण मुलाच्या नावापुढे लागते. नातू येईपर्यंत खुणेचं आडनाव झालेलं असतं. पश्चिम आणि दक्षिणेकडच्या शहरांत आधी, मग खेड्यांत, उत्तरेकडे सर्वांत शेवटी. या प्रवासाला काही शतकं लागली.

शाईचा रंग पाहा. आठ-नऊशे वर्षांनंतरही तपकिरी झळाळी आहे.

हे कागद ज्या अभिलेखागाराचे आहेत त्याची आधीची इमारत 3 मार्च 2009 रोजी भुयारी रेल्वेच्या कामाच्या जागेशेजारी कोसळली. शेजारच्या घरांतले दोन तरुण गेले. मातीतून आणि पाण्यातून बहुतेक कागद बाहेर काढले गेले, त्यांची दुरुस्ती अजून चालू आहे. ही नवी इमारत 2021 ची.

(दृश्य: हागेनचं खुलं संग्रहालय. ओढ्याकाठी ओळीने लोहारशाळा. अंधारात भट्टी. घण पडतो.)

बेलच्या पाटीवरचं दुसरं नाव श्मिट्स. लोहार.

हागेनजवळची ही अरुंद दरी. ओढ्याच्या पाण्यावर फक्त चक्की चालत नसे, घणही चालत. पाण्याच्या चाकाचा जाड आस फिरतो, आसावरचे दात घणाच्या दांड्याची शेपटी दाबतात, घण उचलला जातो आणि दात निसटला की ऐरणीवर आदळतो. लोहाराने फक्त लाल लोखंड त्याखाली अचूक सरकवायचं. कुठे, किती वेळा, कुठल्या कोनात, हे त्याच्या मनगटाला माहीत. या डोंगराळ मुलखात असे घण चालवून गवत कापायचे लांब विळे बनत.

या माणसाच्या चेहऱ्यावर थोडा वेळ थांबू.

(दृश्य: भट्टीचा उजेड. निवेदन नाही. आठ सेकंद.)

लोहाराचं आडनाव जर्मनीभर आहे, पण सगळीकडे एकच नाही. दक्षिणेत ‘श्मिड’. मध्यभागी आणि उत्तरेत ‘श्मिट’. ऱ्हाइनकाठी कोलोनच्या आसपास ‘श्मिट्स’, म्हणजे श्मिटचा मुलगा. फ्रायबुर्ग आणि माइंत्स इथल्या अभ्यासकांनी 2005 सालच्या घरगुती टेलिफोनधारकांची यादी घेतली आणि प्रत्येक आडनाव नकाशावर ठिपक्यांनी मांडलं. कुंभाराचा नकाशा मला फार आवडतो. दक्षिणेत कुंभार ‘हाफनर’, पूर्वेकडे ‘ट्योप्फर’, ऱ्हाइनच्या मध्यभागात ‘ऑइलर’, वायव्येला ‘प्योटर’. गाड्या बनवणारा सुतार कुठे ‘वाग्नर’, कुठे ‘राडेमाखर’, कुठे ‘श्टेलमाखर’. शिंपी ‘श्नायडर’, उत्तरेत मात्र ‘श्रोडर’. या सगळ्या सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या बोली. माणसं युद्धांत आणि रोजगारासाठी एवढी हलली, तरी टेलिफोनच्या यादीत त्या बोलींच्या सीमा अजून दिसतात. कुंभाराचं चाक थांबलं, बोलीतला त्याचा शब्द दारावर राहिला.

प्रसिद्ध माणसांची आडनावं या कानाने ऐका. बोरिस बेकर, भटारखान्यातला पाववाला. मिखाएल शूमाखर, चपला-बूट शिवणारा चांभार. माजी चॅन्सलर ओलाफ शोल्त्स यांच्या आडनावाचं मूळ आहे ‘शुल्टहाइस’, म्हणजे गावकऱ्यांना देणं चुकतं करायला सांगणारा माणूस. शुल्त्स, शुल्त्से, शुल्टे ही त्याचीच रूपं. आपल्याकडे पाटलाचं जे काम, साधारण तेच. मायर हे आडनाव जमीनदाराच्या वाडीच्या कारभाऱ्याचं, आणि त्याचं स्पेलिंग चार प्रकारे होतं. बव्हेरियातला हूबर म्हणजे पूर्ण हिश्शाची जमीन कसणारा.

सरदार-उमरावांच्या ‘फोन’ (von), म्हणजे ‘अमुक ठिकाणचे’, असं लावलेल्या नावांबद्दल एवढंच, की 1919 च्या राज्यघटनेने त्यांचे हक्क काढून घेतले आणि पदवी आडनावाचा नुसता भाग उरली.

(दृश्य: न्यूर्नबर्ग. किल्ल्याखालचा चौक. लाकडी चौकटींचं उंच घर.)

हे आल्ब्रेश्ट ड्यूरर या चित्रकाराचं घर. आणि ही त्याने स्वतः कोरलेली घराण्याची मुद्रा, 1523 ची. ढालीवर काय आहे? सताड उघडं दार.

ड्यूररचे वडील सोनार. हंगेरीतून फिरत फिरत 1455 मध्ये न्यूर्नबर्गला आले. त्यांचं मूळ गाव ऑयतोश. हंगेरियन भाषेत ‘ऑयतो’ म्हणजे दार. जर्मनमध्ये दाराला ‘ट्यूर’ म्हणतात, म्हणून ते ‘ट्यूरर’ झाले, आणि न्यूर्नबर्गच्या मऊ उच्चारात ‘ड्यूरर’. परक्या माणसाने आपलं गाव नव्या गावाच्या भाषेत बदलून घेतलं आणि मुलाने ते ढालीवर कोरलं.

जर्मनमध्ये गावाच्या नावाला ‘अर’ जोडला की तिथला माणूस होतो. न्यूर्नबर्गर, विनर, बर्लिनर. आपल्या ‘कर’सारखाच हा प्रत्यय. फक्त एक लक्षात ठेवायचं, हे नाव गाव सोडल्यावरच मिळतं. न्यूर्नबर्गमध्ये कुणी कुणाला न्यूर्नबर्गर म्हणत नाही. प्रदेशांवरूनही आडनावं पडली. बायर म्हणजे बव्हेरियाचा, ब्योम बोहेमियाचा, श्वाब श्वाबियाचा, फ्रांक फ्रँकोनियाकडचा.

ड्यूररने हे घर 1509 मध्ये घेतलं. त्याआधी इथे बेर्नहार्ड वाल्टर राहत असे, आणि त्याचे गुरू होते खगोलशास्त्रज्ञ रेगिओमोंटानुस. लॅटिन नाव म्हणून दबून जाऊ नका. त्यांच्या गावाचं, क्योनिग्सबर्गचं, ते भाषांतर आहे. घरचं आडनाव? म्युलर. योहानेस म्युलर, जन्म 1436. त्या काळी विद्वान झालं की मातीचं नाव झटकून लॅटिन किंवा ग्रीक नाव घ्यायची पद्धत पडली. शेतकरी बाउअरचा ‘आग्रिकोला’ झाला, म्युलरचा ‘मोलिटोर’, श्मिटचा ‘फाबर’. कवी गटेच्या आईचं माहेरचं आडनाव टेक्स्टोर. पूर्वज वेबर, म्हणजे विणकर. मला विणकरच जास्त आवडतो.

(दृश्य: बाजारातले चेहरे, पटापट बदलत. एक उंच, एक बुटका, एक कुरळ्या केसांचा.)

लांग, उंच. क्लाइन, लहानखुरा. क्राउझे, कुरळ्या केसांचा. श्वार्त्स, काळा. फुक्स, कोल्हा. आणि अख्खं वाक्यच आडनाव झालेली ही माणसं: श्लुकेबीर, म्हणजे बिअर गटकावणारा. हासेनफ्लूग, म्हणजे नांगराचा द्वेष करणारा.

(दृश्य: अमरूम बेट. उत्तर समुद्र. वारा. चर्चच्या आवारात उंच कोरीव दगड.)

आता पार उत्तरेला. अमरूम बेटावरचं नेबल गाव. या थडग्यांना इथे बोलणारे दगड म्हणतात. दगडावर जहाज कोरलेलं असतं आणि खाली माणसाची सगळी हकीकत. पावसाने अक्षरं झिजली आहेत, तरी बोटाने वाचता येतात.

हा दगड हार्क ओलुफ्सचा. जन्म 1708. खलाशी म्हणून जहाजावर गेला, 1724 मध्ये चाच्यांनी पकडून अल्जीरियात गुलाम म्हणून विकला. तिथे कॉन्स्टंटिनच्या बेच्या, म्हणजे सुभेदाराच्या, चाकरीत चढत गेला आणि 1736 मध्ये मोकळा होऊन घरी परतला. त्याच्या वडिलांचं नाव होतं ओलुफ येन्सन. मुलगा मात्र येन्सन नाही. तो ओलुफ्स, ओलुफचा मुलगा. येन्सन म्हणजे येन्सचा मुलगा. उत्तर समुद्राच्या या किनाऱ्यावरच्या फ्रीसियन लोकांत दर पिढीला आडनाव बदलायचं, बापाचं नाव ते मुलाचं आडनाव. आपण बापाचं नाव मधे ठेवतो, त्यांनी शेवटी ठेवलं.

सरकारला हे चालेना. कर आणि सैन्यभरतीच्या वह्यांत एकाच घराची तीन आडनावं कशी लिहायची? डेन्मार्कच्या राजवटीने श्लेसविगमध्ये 1771 साली आडनाव कायमचं करायचा हुकूम काढला. ऑस्टफ्रीसलँडमध्ये 1811 ला नेपोलियनचा हुकूम आला. ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी ज्या बापाचं नाव होतं, तिथेच साखळी थांबली. हान्सन, पेटरसन, येन्सन. कधीतरी होऊन गेलेला एकच हान्स, आणि त्याची आजवरची सगळी मुलं.

(दृश्य: फ्रँकफर्ट. बाटोन रस्त्यावरचं जुनं ज्यू कब्रस्तान. शेवाळलेले दगड.)

दगडांच्या वरच्या भागात ही कोरलेली चित्रं पाहा. प्राणी, भांडी, ढाली. ही घरांची चिन्हं आहेत. इथल्या ज्यूंना 1462 पासून एका बंदिस्त गल्लीत राहावं लागलं. घरांना आकडे नव्हते, दारावर टांगलेलं चिन्ह हाच पत्ता, आणि पत्ता हेच नाव. सोळाव्या शतकात इझाक एल्खानन नावाच्या गृहस्थाचं घर होतं ‘लाल ढाल’. जर्मनमध्ये ‘रोट शिल्ड’. पुढे कुटुंब दुसऱ्या घरात गेलं, नाव रोथशिल्डच राहिलं. माइंत्सच्या चौकात ज्याचा पुतळा आहे त्या छपाईवाल्याचंही असंच. घराणं ‘गेन्सफ्लाइश’, म्हणजे हंसाचं मांस. जग त्याला ओळखतं घराच्या नावाने, गुटेनबर्ग.

ज्यूंपैकी बहुतेकांना मात्र कायमचं आडनाव नव्हतं, बापाचं नाव पुरे होतं. हाब्सबुर्ग सम्राट योसेफ दुसरा याने 1787 मध्ये जर्मन आडनाव सक्तीचं केलं. प्रशियात 1812 ला नागरिकत्व देताना तीच अट घातली. लोकांनी गावं घेतली, कामं घेतली, सुंदर जोडशब्द घेतले. रोझेनथाल, गुलाबांची दरी. गोल्डश्टाइन, सोन्याचा दगड.

ऑगस्ट 1938 मध्ये नाझी सरकारने हुकूम काढला की ज्यूंनी नावात ‘इस्रायल’ किंवा ‘सारा’ जोडावं. ऑक्टोबर 1941 मध्ये फ्रँकफर्टहून ज्यूंना हद्दपार करणारी पहिली गाडी निघाली.

(दृश्य: कब्रस्तानाची बाहेरची भिंत. छोट्या धातूच्या ठोकळ्यांची ओळ. ओळ संपत नाही. निवेदन थांबवावं.)

अकरा हजारांहून अधिक ठोकळे, मारल्या गेलेल्या एकेकाच्या नावाचा एक. यात फ्रांक आडनावाचा एक ठोकळा आहे, नाव अ‍ॅन.

(दृश्य: एक म्हातारा हात ठोकळ्यावर खडा ठेवतो. पंधरा सेकंद शांतता.)

(दृश्य: नोंदणी कार्यालय. शिक्का पडतो.)

जर्मन साम्राज्याच्या 1875 च्या कायद्याने जन्म, लग्न, मृत्यूची नोंद चर्चकडून सरकारी कार्यालयात आली आणि आडनावाचं स्पेलिंगसुद्धा गोठलं. बाईचं आडनाव पूर्वी ‘इन’ लावून होई, म्युलरची म्युलरिन. मग ती प्रत्ययासकट नवऱ्याच्या नावात विरली. दोघांनी आपापलं आडनाव ठेवायची वाट 1991 मध्ये घटना न्यायालयाने मोकळी केली. 1 मे 2025 पासून जोडप्याला दोन्ही आडनावं जोडून घेता येतात, आणि फ्रीसियन घरांना बापाच्या किंवा आईच्या नावावरून मुलाचं आडनाव ठेवता येतं. हार्क ओलुफ्सच्या रीतीला दोनशे वर्षांनी दार उघडलं.

(दृश्य: पुन्हा कोलोन. तीच बेलची पाटी. आता संध्याकाळ, पाटीमागचा दिवा लागलेला.)

2018 मध्ये शेजारच्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या सरकारी वसाहतींनी सुमारे 2,20,000 घरांच्या पाट्यांवरची नावं काढून आकडे लावायचं ठरवलं. माहितीची गोपनीयता हे कारण. जर्मनीतही चर्चा झाली, पण इथे नावं राहिली. राहिली हे बरं झालं. आकड्यावर बोट ठेवून कुणाची चौकशी करता येत नाही.

नावं पुन्हा वाचू, या वेळी हागेनच्या घणाचा आवाज मागे राहू द्या.

श्मिट्स, लोहार. कोवाल्स्की, आडनाव पोलिश, एकोणिसाव्या शतकात रूरच्या कोळसाखाणींत काम करायला हजारोंनी माणसं आली तेव्हा अशी कितीतरी आडनावं इकडे आली. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. देमिर्जी, तुर्की. 30 ऑक्टोबर 1961 च्या करारानंतर कामगार आले, आणि त्यांच्याकडची आडनावं तरी किती जुनी? तुर्कस्तानात आडनाव सक्तीचं झालं 1934 मध्ये. ‘देमिर’ म्हणजे लोखंड, देमिर्जी लोहार. शेजारच्या दारावर लफेव्र आहे. फ्रान्समधून धर्मासाठी पळालेल्यांना 1685 मध्ये ब्रांडेनबुर्ग-प्रशियाने आसरा दिला, त्यांच्यात हे आडनाव आलं. लोहार. त्याच्या खाली नवा, पांढरा कागद, कोपरा अजून नीट चिकटलेला नाही. हद्दाद. सीरियातून. अरबीत लोहार.

(दृश्य: एक बोट पांढऱ्या कागदाचा कोपरा दाबून बसवतं. मग बटण दाबतं. बेल वाजते. आतून कुणीतरी विचारतं, कोण आहे?)